दुसऱ्याची धाव

क्रिकेटमधील गुणाला मराठीने ‘धाव’ म्हटले, ते इंग्रजांनी म्हटले म्हणून. त्यात आपली कल्पकता काही नाही. पण परका अर्थ अंगावर घेताना या शब्दाने आपले जुने नातेसंबंध सोडले नाहीत. संकटात सापडलेला मनुष्य देवाचा ‘धावा’ करतो. शेजाऱ्याच्या गंजीला आग लागली की सारा गाव ‘धावून’ येतो. अडल्या वेळी जो उभा राहिला तो आपल्यासाठी ‘धावला’ असे आपण पुढे वर्षानुवर्षे सांगत राहतो. स्वतःसाठी माणूस जे करतो त्याला मात्र मराठीत बहुधा ‘पळणे’ म्हणतात. चोर पळतो, भित्रा पळतो, शाळा चुकविणारे पोर पळते. व्याकरणकार ही वाटणी मान्य करणार नाहीत, आणि रोजच्या बोलण्यात तर ती मुळीच टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही क्रिकेटच्या बाबतीत ती विलक्षण खरी ठरते. कारण या खेळातील प्रत्येक धाव दोन माणसे धावतात आणि ती एकाच्याच नावावर पडते.

फलंदाजाने चेंडू मारला की त्याचा साथीदारही पलीकडून निघतो. दोघे एकमेकांना ओलांडतात, दोघेही अठ्ठावन्न फूट धावतात. (खेळपट्टी बावीस यार्डांची खरी, पण दोन्ही टोकांच्या रेषा यष्ट्यांपासून चार चार फूट अलीकडे असल्यामुळे धावण्याचे अंतर तेवढेच उरते.) दम दोघांनाही लागतो, बाद होण्याची जोखीम दोघांच्याही माथी असते. नोंदवही मात्र ज्याची बॅट चेंडूला लागली त्याचेच नाव ओळखते. दुसऱ्याच्या नावापुढे त्या धावेबद्दल काही लिहिण्याची सोयच तिच्यात नाही. आपल्या खेळाचा इतिहास या नोंदवह्यांवरून लिहिला गेला, तेव्हा या अर्ध्या श्रमाला त्यात जागा मिळाली नाही, यात नवल ते काय?

या श्रमाचे स्वरूप नीट कळण्यासाठी थोडे अमेरिकेला जाऊन यावे लागेल. तेथील बेसबॉलमध्ये एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात आणि दोन ठाण्यांमधील अंतर नव्वद फूट असते. चेंडू मर्यादेच्या आत मारल्यावर धावावे की न धावावे, हे ठरविण्याची मुभा फलंदाजाला नसते. धावलेच पाहिजे. चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या पुढ्यात गेला, त्याने तो उचलून पहिल्या ठाण्याकडे फेकण्यासाठी हात मागे नेला, आपण बाद होणार हे स्वतःला आणि मैदानभर प्रेक्षकांना दिसते आहे, तरीसुद्धा. अशा वेळी मनुष्य जीव तोडून धावतो की उपचार म्हणून चार पावले टाकतो, यावरून तेथील प्रेक्षक खेळाडूची जात ओळखतात. अशा धावण्यातून दहा वेळा काही निघत नाही. अकराव्या वेळी क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटतो, आणि जो खरोखर धावत असतो त्यालाच त्या चुकीचे फळ मिळते.

सिनसिनाटीच्या संघातील पीट रोझ या बाबतीत दंतकथा होऊन बसला. गोलंदाजाने चार चेंडू वाईट टाकले तर फलंदाजाला पहिले ठाणे फुकट मिळते, आणि त्या लाभाचे नावच मुळी ‘चालणे’ आहे. रोझ तेथेही धावत जाई. 1963 साली हा नवखा पोरगा असा धावताना पाहून न्यूयॉर्क यांकीज संघातील व्हायटी फोर्ड या मातब्बर गोलंदाजाने त्याला ‘चार्ली हसल’ म्हणून चिडविले. म्हणजे आपल्याकडे ‘धडपड्या चार्ली’ म्हणावे तसे काहीतरी. रोझने ही टिंगल बिरुदासारखी मिरविली आणि 4256 फटक्यांचा विक्रम केला, जो अद्याप मोडलेला नाही. पण 1970 साली वर्षातील निवडक खेळाडूंच्या सामन्यात, म्हणजे ज्याच्या निकालावर कोणाचे काही अवलंबून नव्हते अशा सामन्यात, शेवटचे ठाणे गाठण्यासाठी त्याने रे फॉसी या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूला खांद्याने धडक दिली, त्यात फॉसीचा खांदा दुखावला. पुढे 1989 साली स्वतःच्या खेळावर पैजा लावल्याबद्दल रोझवर बंदी आली. 2024 साली तो वारला आणि 2025 साली, म्हणजे मेल्यावर, ती उठली. धावण्यातील निष्ठा आणि माणसातील निष्ठा या दोन गोष्टी एकाच गोठ्यात बांधलेल्या असतीलच असे नाही.

उलट टोकाला फ्रेड मर्कल. 23 सप्टेंबर 1908 रोजी न्यूयॉर्कच्या मैदानावर जायंट्स आणि शिकागोचे कब्ज यांचा सामना एक-एक अशा बरोबरीत अखेरच्या डावापर्यंत आला होता. मर्कल एकोणीस वर्षांचा होता आणि पहिल्या ठाण्यावर उभा होता. फलंदाजाने चेंडू मोकळ्या जागेत मारला, तिसऱ्या ठाण्यावरचा गडी घरी पोचला, सामना जिंकला असे समजून लोक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या ठाण्यापर्यंत न जाता मधूनच तंबूकडे वळला. त्या काळी सगळेच असे करीत. पण त्याने दुसरे ठाणे शिवले नाही तोवर ती विजयी धाव नियमाने पुरी होत नव्हती. शिकागोच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मिळवून ठाण्यावर पाय ठेवला आणि पंचाने मर्कलला बाद दिले. सामना बरोबरीत सुटल्याचे ठरले, तो 8 ऑक्टोबरला पुन्हा खेळविण्यात आला, आणि त्यात हरल्यामुळे जायंट्सचे त्या वर्षीचे अजिंक्यपद गेले. मर्कल पुढे 1926 पर्यंत खेळला. ‘मठ्ठ’ हे विशेषण 1956 साली मृत्यू आला तोवर त्याच्या नावाला चिकटून होते. विजयी फटका मारणाऱ्याचे आणि घरी पोचणाऱ्याचे नाव आज अभ्यासकांनाच ठाऊक असते. न धावलेल्या काही फुटांनी मात्र एक माणूस अजरामर झाला.

क्रिकेटमध्ये अशी सक्ती नाही. चेंडू मारून जागेवर उभे राहिले तरी कोणी बाद देत नाही. म्हणून येथे धावणे हा करार ठरतो. एकाने हाक द्यावयाची, दुसऱ्याने ती मानावयाची किंवा ताबडतोब नाकारावयाची. आणि एकदा मानली की मध्ये फिरावयाचे नाही. अर्ध्या वाटेवर विचार करणाऱ्या माणसाला क्रिकेट क्षमा करीत नाही.

हा संस्कार मराठी मुलाला क्रिकेटने दिला असे समजण्याचे कारण नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याखेरीज त्याला उलटे फिरता येत नाही. फिरायचेच असेल तर बसलेल्या गड्याला खो देऊन आपली धाव त्याच्या स्वाधीन करावी लागते. आपण धावायचे आणि गडी दुसऱ्याने मारायचा, हा त्या खेळाचा प्राणच आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली या खेळाचे नियम बांधले, त्याच पुण्यात मराठी क्रिकेट वाढले. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली तेव्हा भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. एका मातीत वाढलेले खेळ एकमेकांच्या सवयी उचलतात, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

मातीचा विषय निघाला म्हणून दुधनीचे सांगतो. सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे अक्कलकोट तालुक्यातील हे गाव तुरीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. क्रिकेटसाठी त्याचे नाव कोणी घेत नाही. सुगी संपली की काळ्या रानात पोरांचे डाव पडतात. उन्हाने भेगाळलेल्या जमिनीवर चेंडू कधी सरळ येत नाही आणि मारलेला चेंडू लांबही जात नाही. एखाद्या भेगेत अडकून बसतो नाही तर ढेकळाला लागून मागे फिरतो. सीमारेषा म्हणजे कोणाचा तरी बांध, आणि तो इतका दूर की चौकार हा शब्द ऐकण्यापुरताच. तेव्हा जी काही संख्या होते ती पायांनी. शहरातील मैदानावर उभ्या उभ्या चार धावा घेण्याची चैन असते, ती येथे नाही.

आणि हाक द्यावयाची ती कोणत्या भाषेत? दुधनीत घरोघर कानडी आणि मराठी एका चुलीवर शिजते. एक टोकाचा पोरगा ‘पळ, पळ’ म्हणून ओरडतो, दुसरा ‘ओडो’ म्हणतो. ‘नको’ला ‘बेड’ असे उत्तर येते. ‘ये’ म्हणावयाचे तर कानडीत नुसते ‘बा’. परगावाहून आलेला मराठी पाहुणा खेळात घेतला तर या ‘बा’चा अर्थ त्याच्या डोक्यात उतरेपर्यंत यष्ट्या उडालेल्या असतात. 1967 च्या महाजन आयोगाने हा अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घालावा अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे. राजकारणाचा तो भाग येथे नको. पण त्या रानात धावणारी जोडी पाहिली की हाकेचा शब्द कोणता यापेक्षा ती देणाऱ्यावर विश्वास आहे की नाही, हेच पाहिले जाते असे वाटते. बऱ्याच वेळा तर हाक देतच नाहीत. एकाने मान हलविली की दुसरा निघतो.

आता मोठ्या मैदानाकडे वळू. महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्ये अंकांचे जे डोंगर उभे आहेत त्यांच्या पायथ्याशी ही धावण्याची माती किती आहे, याचा हिशोब क्वचितच कोणी केला. प्राध्यापक दि. ब. देवधर संस्कृत शिकवीत आणि क्रिकेट खेळत. 1940 साली पुण्यास मुंबईविरुद्ध त्यांनी 246 धावा काढल्या तेव्हा त्यांना अठ्ठेचाळिसावे वर्ष संपून एकोणपन्नासावे चालू होते. महाराष्ट्राने 675 केल्या, मुंबईने 650. पहिल्या डावातील पंचवीस धावांच्या आघाडीवर सामना महाराष्ट्राकडे गेला. दोन डोंगरांच्या उंचीत पंचवीस धावांचा फरक! ज्या वयात गृहस्थ पायजम्याची नाडी बांधायला वाकतानाही हुश्श करतो, त्या वयात आपल्याहून कितीतरी लहान साथीदारांच्या हाकेला ओ देत हा मनुष्य खेळपट्टीवर येरझारा घालीत होता. पुढे 1944 साली नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके काढली. ते एकशे एक वर्षे जगले, याचे श्रेय कोणी आहाराला देतात, कोणी स्वभावाला. मी त्यात या येरझाऱ्यांचाही वाटा धरतो.

भाऊसाहेब निंबाळकरांचा हिशोब तर चक्क मांडता येतो. 1948 च्या डिसेंबरात पुण्यास काठेवाडविरुद्ध त्यांनी नाबाद 443 धावा केल्या. त्यांत 49 चौकार आणि एक षटकार. म्हणजे 202 धावा उभ्याने आल्या आणि 241 पायांनी. दर धावेला अठ्ठावन्न फूट धरले तर हे अंतर सव्वाचार किलोमीटरच्या आसपास जाते. ऐकायला हे काहीच नाही; दुधनीची कोणतीही शेतकरीण न्याहारी घेऊन रानात जाते आणि परत येते तेवढ्यात इतके चालणे होते. पण हे चालणे नव्हते. अठ्ठावन्न फूट जीव घेऊन धावायचे, थांबायचे, वळायचे, आणि लगेच पुढच्या चेंडूला डोळा स्थिर करायचा, तोही पायांना पॅड बांधून. शिवाय यात साथीदारांच्या धावा धरलेल्याच नाहीत. कमल भांडारकर 205 धावा काढून गेले. त्या दोघांनी मिळून दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागी केली होती. भांडारकरांच्या ज्या धावा पायांनी आल्या त्या निंबाळकरही धावले, आणि निंबाळकरांच्या भांडारकर. एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत असे किती श्रम गेले ते मोजावयाचे ठरविले तर वह्या नव्याने आखाव्या लागतील.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. डॉन ब्रॅडमनचा 452 धावांचा विक्रम ओलांडायला दहा धावा उरल्या होत्या. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या होत्या. मधल्या सुट्टीत काठेवाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडून दिला आणि आपल्या लोकांना घेऊन ते निघून गेले. निंबाळकरांना दहा धावा धावायच्या होत्या; पण धावायला समोर कोणी तरी क्षेत्ररक्षक लागतो. ते भारतासाठी एकही कसोटी सामना खेळले नाहीत. 2012 साली, त्र्याण्णव वर्षे पुरी व्हायला एक दिवस असताना, ते वारले. बेसबॉलच्या मर्कलने ठाणे शिवले नाही म्हणून धाव गेली. येथे धावणारा तयार होता, ठाणेच उचलून नेले.

या पायी मिळणाऱ्या धावांचे महत्त्व आता षटकारांच्या पावसात संपले असे कोणी म्हणतो तेव्हा मला 30 ऑक्टोबर 2025 ची नवी मुंबईतील रात्र आठवते. विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने 339 धावांचे लक्ष्य दिले होते आणि जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 काढून ते गाठून दिले. त्यांत 14 चौकार होते, षटकार एकही नाही. एकाहत्तर धावा तिने पायांनी काढल्या, आणि हरमनप्रीत कौरबरोबर झालेल्या मोठ्या भागीत साथीदाराच्या धावल्या त्या वेगळ्याच. शेवटी तिचा चेहरा पाहणाऱ्याला हिशोब सांगावा लागला नसता.

धावण्याच्या हौसेला दुसरी बाजूही आहे. बेसबॉलमध्ये ठाण्यावरचा गडी गोलंदाजाची नजर चुकवून चार पावले पुढे सरकून उभा राहतो. ते सर्वमान्य आहे, आणि गोलंदाजाने झटकन वळून त्याला टिपावे हेही तितकेच सर्वमान्य आहे. क्रिकेटमध्ये पहिली गोष्ट चालवून घेतली आणि दुसरीला असभ्य ठरविले. 13 डिसेंबर 1947 रोजी सिडनीच्या कसोटीत विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच रेषा सोडून निघालेल्या बिल ब्राउनला धावबाद केले. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी त्याला आधी ताकीद देऊन मग असेच बाद केले होते, तरीही ब्राउनची सवय गेली नव्हती. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ब्रॅडमन याने पुढे आपल्या आत्मचरित्रात मांकडांची बाजू घेतली. वृत्तपत्रांनी मात्र बाद करण्याच्या त्या पद्धतीला मांकडांचेच नाव चिकटविले. दोन पावले चोरली ब्राउनने आणि नाव पडले मांकडांचे! 1 ऑक्टोबर 2022 पासून नियमांच्या पुस्तकात ही गोष्ट ‘गैरखेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’ या साध्या कलमात घातली आहे. पंचाहत्तर वर्षांनी का होईना, शब्द जागेवर आला.

धावबाद होण्याचे दुःख कसे सोसावे याचा नमुना मात्र अजित वाडेकरांनी घालून दिला. 1971 च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडला इंग्लंडमध्ये प्रथमच हरविण्यासाठी भारताला 173 धावा हव्या होत्या. चौथ्या दिवसअखेर 2 बाद 76 झाल्या होत्या आणि कर्णधार वाडेकर 45 वर खेळत होते. पाचव्या दिवशी सकाळी संख्येत एका धावेचीही भर पडण्याआधी ते धावबाद झाले. दुसऱ्या कोणी बॅट आपटली असती. वाडेकर तंबूत गेले आणि झोपले. सरदेसाई, विश्वनाथ, इंजिनियर यांनी उरलेले काम केले, चार गडी राखून सामना जिंकला, आणि मग कर्णधाराला उठवून बातमी सांगावी लागली. पुढच्या माणसांवर इतका विसंबलेला मनुष्य खेळपट्टीच्या मध्यावर साथीदाराच्या हाकेवर संशय घेत असेल असे मला वाटत नाही.

पण या सगळ्यांत मला सर्वांत अधिक विचारात पाडतो तो सामना जिंकलेला नाही, वाचलेलाही नाही. 1943 च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तो काळ संघ धर्मावर पाडण्याचा होता. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ, आणि 1937 पासून त्यांना जोडलेला पाचवा ‘दि रेस्ट’, म्हणजे उरलेले. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध, ज्यांना पहिल्या चारांत बसविता येईना त्यांचा हा संघ. सांगलीचे विजय हजारे आणि त्यांचे भाऊ विवेक हे ख्रिस्ती म्हणून या उरलेल्यांत. गांधीजींनी 1940 साली या धर्मवार स्पर्धेविरुद्ध मत दिले होते, पण ती 1946 पर्यंत चालू राहिली आणि तोवर तिला तुफान गर्दी लोटत असे.

हिंदू संघाने 5 बाद 581 वर डाव सोडला; विजय मर्चंट नाबाद 250. ‘उरलेल्यां’चा पहिला डाव 133 वर आटोपला आणि त्यांना लगेच दुसऱ्यांदा खेळावे लागले. दुसऱ्या डावातही पाच गडी पाहता पाहता गेले. साडेचारशेच्या जवळपासची तूट समोर आणि अर्धा संघ तंबूत, या अवस्थेत भाऊ भाऊ एकत्र आले.

येथून जे झाले ते अंकांनीच सांगावे. दोघांची भागी 300 धावांची झाली. त्या 300 मध्ये विवेक हजारे यांचा वाटा 21.

लोक हा आकडा ऐकून हसतात. एक भाऊ डोंगर उचलतो आहे आणि दुसरा काठी लावून उभा आहे, असे चित्र त्यांना दिसते. पण जरा खेळपट्टीवर जाऊन पाहू. विजय हजारे यांचे जे फटके सीमेपर्यंत गेले नाहीत, त्यांतील प्रत्येक धाव पलीकडून विवेकही धावत होते. एकेरी धाव निघाली की तोंड गोलंदाजाकडे, मग एक चेंडू कसा तरी थोपवायचा, पुन्हा एक धाव काढून भावाला खेळायला द्यायचे. भाऊ षटकाच्या शेवटी धाव काढून टोक बदलू पाहतो आहे हे ओळखून आधीच तयार राहायचे. समोर मर्चंट, सरवटे यांच्यासारख्यांचा संघ. जिंकण्याची आशा मुळीच नाही. आपल्या नावावर काही पडत नाही, पडावे अशी इच्छाही नाही. इच्छा एकच, की भावाला खेळायला मिळावे. बेसबॉलचा फलंदाज बाद होणार हे दिसत असताना पहिल्या ठाण्याकडे धावतो, त्यात निदान चेंडू निसटण्याची आशा असते. विवेक हजारे कोणत्या आशेवर धावत होते?

मला वाटते, याचे उत्तर त्या आकड्यातच आहे. अशा परिस्थितीत विवेक यांना एखादा जोराचा फटका मारून पन्नास करण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. हजारो लोक पाहत होते, आणि हार तर ठरलेली होती. 21 हा आकडा म्हणजे तो मोह दर चेंडूला नाकारल्याची नोंद आहे. धावफलकावर जे शून्याच्या जवळ दिसते ते मैदानावर तासन् तास चाललेले श्रम होते.

डाव 387 वर संपला. त्यांत विजय हजारे 309. एकट्याने संघाच्या जवळजवळ चार पंचमांश धावा केल्या होत्या. तरीही ‘उरलेले’ एक डाव आणि 61 धावांनी हरले. काही आठवड्यांत विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 करून 309 चे तेजही मागे टाकले. विजय हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले, त्यांच्याच नेतृत्वाखाली 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, आणि आज देशातील एकदिवसीय स्पर्धेचा करंडक त्यांच्या नावाने दिला जातो. विवेक हजारे कसोटी खेळले नाहीत. ब्रेबोर्नवरच्या त्या दुसऱ्या डावाच्या नोंदीत भावाच्या तीन अंकी संख्येच्या जवळ त्यांचे नाव छापलेले असते, आणि नावापुढे एकवीस.